ॲटरबीचा सत्कार

मैदानावर माणूस खोटं बोलू शकत नाही. हे वाक्य आमच्या फुटबॉल क्लबच्या घटनेत पहिल्याच पानावर आहे आणि ते मी लिहिलेलं आहे. ते खरंही आहे. मैदानावर माणसाला धाप लागलेली असते. खोटं बोलायला निवांतपणा लागतो, हॉल लागतो, माइक लागतो, आणि जमलं तर समई लागते. केन ॲटरबीला हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. त्याला बऱ्याच गोष्टी कोणीतरी आधी सांगायला हव्या होत्या.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सनीव्हेलमधल्या मराठी मंडळींनी वजन कमी करण्यासाठी हा क्लब काढला. नाव ठरवायला तीन मीटिंगा झाल्या आणि 'गनिमी कावा एफ. सी.' हे नाव बहुमताने मंजूर झालं. खेळाडू बहुतेक चिप आणि सॉफ्टवेअरवाले. त्यांच्या जोडीला मिगेल नावाचा एक मेक्सिकन आचारी होता. तो खरोखर खेळायचा. मी सेक्रेटरी झालो, कारण पहिल्या मीटिंगला पेन फक्त माझ्याकडे होतं. बॉलला मी आजवर पाय लावलेला नाही.

ॲटरबी पहिल्यांदा दिसला तो चालत येताना. सनीव्हेलमध्ये कोणी चालताना दिसलं की लोक गाडी हळू करतात. बिचाऱ्याची गाडी बंद पडली असेल असं त्यांना वाटतं. हा सत्तरीला टेकलेला, पायांनी फेंगडा, पाठीने ताठ. मंगळवारी संध्याकाळी आमची प्रॅक्टिस चालू असताना तो माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला, खिशातून सँडविच काढून खाल्लं आणि उठून गेला. असे तीन मंगळवार झाले. चौथ्या मंगळवारी त्याने विचारलं,

"तो उंच माणूस कुठे पळतोय?"

"तो प्रिन्सिपल इंजिनिअर आहे," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं."

महिन्याभरात तो आमचा मॅनेजर झाला. मॅनेजर हा त्याचा शब्द. इंग्लंडात संघ निवडणाऱ्या आणि चालवणाऱ्या माणसाला तेच म्हणतात. आमच्या पोरांना तो शब्द ऐकला की ऑफिस आठवायचं, म्हणून ती त्याला केनकाका म्हणू लागली. काका म्हणजे काय, असं त्याने विचारलं. वडिलांचा भाऊ, असं सांगितलं. "मला भाऊ नाही," तो म्हणाला आणि त्याने थोडा विचार केला. "चालेल."

त्याची सलग हकिगत मी कधी ऐकली नाही. तुकडे ऐकले. एकोणीस वर्षं तो इंग्लंडात व्यावसायिक फुटबॉल खेळला, सगळी तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, सगळी लेफ्ट बॅक म्हणून, म्हणजे डावी बाजू राखणारा बचावपटू. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या, कडेने मुसंडी मारणाऱ्या विंगरला अडवायची कामगिरी एकदा त्याच्यावर आली होती. "नव्वद मिनिटं मी त्याच्या मागे होतो," तो सांगायचा. "त्याच्या पाठीवरचा नंबर मला पाठ आहे. चेहरा पाहिल्याचं आठवत नाही."

मग बावीस वर्षं तो नॉन-लीगमध्ये मॅनेजर होता. नॉन-लीग म्हणजे व्यावसायिक लीगच्या खालचा सगळा पाताळलोक. तिथले खेळाडू आठवडाभर नळ दुरुस्त करतात किंवा टपाल वाटतात आणि शनिवारी फुटबॉलपटू होतात. मॅनेजरने संघ निवडायचा, जर्सी धुवायच्या आणि मैदानात मेंढ्या आल्या तर त्याही हाकलायच्या. बायको गेल्यावर तो इकडे मुलीकडे आला. मुलगी नर्स. तिच्या घरामागच्या खोलीत तो राहायचा.

"सेमी-फायनल पाच," तो म्हणायचा. "दोन खेळाडू म्हणून, तीन मॅनेजर म्हणून. फायनल एकही नाही." हे तो हवामान सांगावं तसं सांगायचा. पण फार वेळा सांगायचा.

काढून टाकलं जाण्याचा त्याला दांडगा अनुभव होता. जुन्या वैद्याने तापाचे प्रकार सांगावेत तसा तो त्याबद्दल बोले. एका क्लबात तो सोमवारी ड्रेसिंग रूममध्ये गेला, तर त्याच्या खुंटीला दुसऱ्याची पँट लटकत होती. एका क्लबाने पत्र पाठवलं ते चुकीच्या घरी. शेजाऱ्याने भिंतीवरून वाकून सहानुभूती दाखवली तेव्हा कळलं. मॅनेजर झाल्यावर प्रकार वाढले. "चेअरमनने पेपरात म्हटलं ना, की मॅनेजरवर आमचा पूर्ण विश्वास आहे, की मी बायकोला सामान भरायला खोकी आणायला सांगायचो." सर्वांत जिव्हारी लागलेला प्रकार मैदानाबाहेर पाय विकणाऱ्या बाईचा. पाय म्हणजे खिम्याची बंद कचोरी समजा. तिने ॲटरबीला विचारलं, "नव्या साहेबांना मटणाचा आवडतो का चिकनचा?"

यातून त्याचा एकुलता एक नियम निघाला. ज्याला संघातून काढायचं, त्याला आधी सांगायचं. स्वतः जाऊन, समोर बसून, इतर कोणाला कळायच्या आत. आणि तीन वाक्यांत: उद्या तू नाहीस, कारण हे, परत यायचं तर हे कर. चौथं वाक्य नाही. "चौथं वाक्य आपल्याला बरं वाटावं म्हणून असतं," तो म्हणायचा. त्याच्याआधी आमचा संघ व्हॉट्सॲपवर जाहीर व्हायचा. ज्याचं नाव नसे त्याने ते आपलं आपण शोधायचं. ॲटरबीने ते बंद केलं. तो स्वतः व्हॉट्सॲपवर नव्हताच.

शिरीष आमचा गोलकीपर. एका शनिवारी सकाळी ॲटरबी तीन मैल चालत त्याच्या घरी पोचला. पुण्याहून शिरीषचे सासू-सासरे आलेले होते. दारात गोरा म्हातारा पाहून सासूबाईंनी त्याला आत बसवलं, पोहे दिले. त्याने खाल्ले. आणखी दिले. तेही खाल्ले. मग रुमालाने तोंड पुसून, सासऱ्यांच्या देखत, शिरीषकडे बघून तो म्हणाला,

"उद्या तू नाहीस. कडेवरून उंच क्रॉस आला की तू डोळे मिटतोस. डोळे उघडे ठेव, परत घेईन."

सासूबाईंनी मुलीला विचारलं, "काय म्हणाले गं?"

"यांना उद्या खेळवणार नाहीत म्हणे."

"अगंबाई! हे सांगायला एवढं चालत आले? फोन नाही का त्यांच्याकडे?"

सासरे मात्र गंभीर झाले. "माणूस सरळ आहे," ते म्हणाले. "जावईबापू, क्रॉस म्हणजे काय?"

शिरीष दोन आठवडे रुसला आणि तिसऱ्या आठवड्यात डोळे उघडे ठेवू लागला. असं एकेकाचं होत गेलं. ज्या लीगमध्ये आम्ही नेहमी खालून दुसरे असायचो, तिथल्या कपच्या सेमी-फायनलला आम्ही पोचलो. ॲटरबीची ही सहावी.

आता आमचे अध्यक्ष. विनायकराव कंपनीत 'व्हिनी' आहेत, मंडळात 'विनायकराव' आणि घरी 'अहो'. तिन्ही ठिकाणी ते अध्यक्षच असतात. त्यांचा मुलगा रोहन आमचा सेंटर फॉरवर्ड. जन्म इथलाच, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. चांगला खेळायचा, पण बॉल गेला की परत मागे पळायचा नाही. कमरेवर हात ठेवून दृश्य बघायचा. सेमी-फायनलच्या आदल्या दिवशी तो ड्राइव्हवेमध्ये गाडी धूत असताना ॲटरबी तिथे गेला, दोघे पायरीवर बसले, तीन वाक्यं झाली.

"फेअर इनफ, केनकाका," रोहन म्हणाला आणि उरलेली गाडी धुवायला लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून विनायकरावांनी हे पाहिलं. त्यांना ते फेअर वाटलं नाही.

सेमी-फायनल आम्ही एक-शून्य जिंकलो. गोल मिगेलचा. विनायकरावांनी दोन बोटांनी टाळ्या वाजवल्या. ॲटरबी सामना संपल्यावर बाकावरून उठलाच नाही. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, "सेक्रेटरी, फायनलला कोट घालतात का रे इकडे?"

बुधवारी विनायकरावांच्या घरी कमिटीची मीटिंग झाली. आम्ही पाच जण, आणि साबुदाणा वडे.

"हे बघा, यात पर्सनल काही नाही," विनायकराव म्हणाले. "मी रोहनचा विषय काढतही नाहीये." मग वीस मिनिटं त्यांनी तो न काढता मांडला. फायनलला प्रोफेशनल ॲप्रोच हवा. टायलर नावाचा एक तरुण कोच त्यांच्या पाहण्यात होता. त्याच्याकडे लायसन्स होतं, लॅपटॉप होता, वरून शूटिंग करणारा ड्रोन होता.

"ॲटरबी एकोणीस वर्षं प्रोफेशनल होता," मी म्हणालो.

"हो, पण जुना प्रोफेशनल."

"म्हणजे काढायचं त्यांना?" खजिनदारांनी विचारलं.

"छे छे! काढायचं कुठे? सन्मान करायचा. आजीव मुख्य मार्गदर्शक!"

"मग टीम कोण निवडणार?"

"टायलर."

"आणि फायनलला मार्गदर्शक कुठे असणार?"

विनायकरावांनी क्षणभर विचार केला. "आपल्या मनात," ते म्हणाले.

पाच हात वर गेले. माझा पाचवा होता. मिनिट्समध्ये तशी नोंद आहे. मिनिट्स मीच लिहिले.

शनिवारी मंडळाचा गुढीपाडवा होता. पाडवा होऊन दोन आठवडे झाले होते, पण हॉल त्या शनिवारीच मिळाला. नाट्यगीत आणि जेवण यांच्या मध्ये सत्कार ठेवला होता. ॲटरबी करड्या रंगाचा कोट घालून आला. मुलीची ड्यूटी होती, तेव्हा फोटो काढ, असं त्याने मला दोनदा सांगितलं. त्याला व्यासपीठावर बसवलं, शाल पांघरली, श्रीफळ दिलं, त्याचं नाव कोरलेलं सन्मानचिन्ह दिलं. मग निवेदिकेने मानपत्र वाचलं. ते मराठीत होतं. सभागृहातल्या तीनशे माणसांपैकी मराठी न कळणारा माणूस एकच होता आणि मानपत्र त्याला उद्देशून होतं.

"हे क्रीडातपस्वी! फुटबॉलच्या क्षितिजावरील आपण एक तेजस्वी तारा. आपल्या अनुभवाच्या शिदोरीवर हा संघ अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर उभा आहे. आता संघाची धुरा तरुण खांद्यांवर सोपवून आपण मार्गदर्शकाच्या उच्चासनी विराजमान होत आहात, हा आपल्या निरिच्छ वृत्तीचा परमोच्च आविष्कार होय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ॲटरबीनेही वाजवल्या. आपल्याला काढल्याबद्दल टाळ्या वाजवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मानपत्र मीच लिहिलेलं होतं. 'उच्चासनी' हा शब्द मला त्या वेळी बरा वाटला होता.

पडदा पडल्यावर विनायकरावांनी माझ्या दंडाला धरलं. "मोहनराव, तेवढं त्यांना इंग्रजीत समजावून सांगा हं. तुमचं त्यांच्याशी चांगलं आहे."

मी गेलो. ॲटरबी शाल नीट घडी करून बसला होता.

"सेक्रेटरी, चाळीस वर्षांत कोणी मला काही दिलं नाही," तो म्हणाला. "दिलं ते नाव चुकवून दिलं. हे बघ, बरोबर कोरलंय. त्या कागदात काय होतं?"

"चांगलं होतं."

"काय चांगलं?"

"की तुम्ही क्षितिजावरचा तारा आहात."

"लेफ्ट बॅक होतो," तो म्हणाला. मग हसला. त्याला मी पहिल्यांदाच दात दाखवून हसताना पाहत होतो. "बाईसाहेब मधे 'मार्गदर्शक' म्हणाल्या, ते काय?"

"मेंटॉर. चीफ मेंटॉर."

"म्हणजे बढती?"

मी काहीतरी पुटपुटलो. आसपास लोक जेवणाच्या रांगेकडे निघाले होते, श्रीखंड संपेल की काय अशी कुजबुज होती, आणि तीन वाक्यं बोलायला तिथे भरपूर जागा होती.

"बरं, मंगळवारी सहाला," ॲटरबी म्हणाला. "फायनलसाठी कॉर्नरचं काहीतरी डोक्यात आहे."

मी म्हणालो, "हं."

रविवारी विनायकरावांनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर घोषणा टाकली. खाली जोडलेल्या हातांची बावीस चित्रं आली. केनकाकांना सांगितलं असेलच, असं प्रत्येक जण धरून चालला. सनीव्हेलमधली माणसं गृहीतकांवरच घर चालवतात. त्यांच्या कामाचा तो भाग आहे.

मंगळवारी सहाला पाच मिनिटं असताना ॲटरबी चालत आला, खांद्यावर बॉलची जाळी घेऊन. मैदानात टायलरने रंगीत शंकू मांडले होते. ड्रोन घरघरत होता. ॲटरबी लाइन ओलांडून आत गेला तसा टायलर धावत आला. तो काही वाईट मुलगा नव्हता; त्यालाही कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याने अत्यंत आदराने ॲटरबीला सांगितलं की प्रॅक्टिस चालू असताना घरच्या मंडळींनी लाइनबाहेर बसायचं आहे.

ॲटरबीने टायलरकडे पाहिलं, शंकूंकडे पाहिलं, मग संघाकडे पाहिलं. शिरीष बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. बांधलेली नाडी सोडून त्याने पुन्हा बांधली. बाकीचे आकाशात ड्रोन बघत होते.

रोहन माझ्याजवळ आला. "मोहनकाका, ही डझंट नो?"

"अरे, शनिवारी मानपत्रात सगळं..."

"इन मराठी?"

मीही ड्रोनकडे बघू लागलो.

"यू गाइज गेव्ह हिम अ शॉल," तो म्हणाला, "अँड डिडंट टेल हिम." माझ्याकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेसाठी आमच्या घटनेत कलम नाही.

मग तो ॲटरबीकडे गेला, त्याला बाकावर बसवलं आणि स्वतः त्याच्या समोर गवतावर बसला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण फार वेळ लागला नाही. तीन वाक्यांइतका लागला असेल. ॲटरबीने मान डोलावली, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि उठून माझ्याकडे आला.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"शनिवारी?"

"बुधवारपासून."

"त्या कागदात लिहिलं होतं?"

"हो."

"कोणी लिहिलं?"

"मी."

"ऐकायला छान होतं," तो म्हणाला.

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "रविवारची टीम. त्या शंकूवाल्या पोरासमोर ठेवायची की नाही, तुमचं तुम्ही बघा. तुमच्या अध्यक्षाच्या मुलाला मी परत घेतलंय. गुरुवारच्या प्रॅक्टिसला तो पूर्ण वेळ मागे पळत होता. आज सांगणार होतो त्याला."

बॉलची जाळी त्याने काळजीपूर्वक खाली ठेवली. ती क्लबची होती. मग आला तसा चालत गेला. एका गाडीने त्याच्याजवळ वेग कमी केला आणि मग पुन्हा वाढवला.

दैव न्याय करतं असं मानणाऱ्यांची मी क्षमा मागतो. फायनल आम्ही चार-शून्य जिंकली. ॲटरबीच्या कागदावरचे अकरा आणि टायलरच्या लॅपटॉपमधले अकरा तंतोतंत तेच निघाले. रोहनने दोन गोल केले, दोन्ही वेळा पळत मागे गेला आणि कप द्यायच्या आत गाडीत बसून घरी गेला. विनायकरावांनी भाषणात मार्गदर्शकांचा उल्लेख केला. नाव घेतलं नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, ऑफिसला जायला मी कॅलट्रेनच्या स्टेशनवर उभा होतो. माझी गाडी दक्षिणेची. समोरच्या, सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणाऱ्या फलाटावर ॲटरबी होता, एका मोठ्या बॅगेसह. मी ओलांडून तिकडे गेलो.

"निघालात?"

"निघालो. पुढे विमानतळासाठी गाडी बदलायची आहे म्हणे. मुलीची ड्यूटी आहे."

"परत कधी?"

त्याने बॅगेचा पट्टा घट्ट केला. "चार-शून्य, ऐकलं मी," तो म्हणाला. "बरं झालं. चार-शून्यला मॅनेजर लागत नाही. एक-शून्य असती तर झोप लागली नसती."

मी तीन वाक्यं तयार करून आलो होतो. रोज ऑफिसला जाताना ती मनात म्हणायचो. त्यातलं पहिलंच तेवढं बाहेर आलं. "मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला.

मी थांबलो. तो पुढे काही बोलेल, जाऊ दे म्हणेल, निदान हात तरी हलवेल असं मला वाटलं असावं. तो रुळांकडे बघत होता.

"सगळे म्हणतात, तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही," तो म्हणाला. "सहा क्लबांत ऐकलं हे. मला वाईट वाटलंच, सहाही वेळा. मग ते वाचवलं कोणाचं?"

गाडी आली. बॅग चढवायला मी हात पुढे केला, पण तोवर त्याने ती चढवली होती. तो पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसला, त्यामुळे हात हलवायचा प्रश्न आला नाही.

कप विनायकरावांच्या दिवाणखान्यात आहे. त्यात ते टीव्हीचे रिमोट ठेवतात.